बगळ्याचा पाय

रस्त्याला लागून बाबांचं भंगाराचं आवार आणि आवाराच्या मागे आमचं घर. त्यामुळे लाखनीत आमच्याकडे कोणीही आलं की ते आधी लोखंडातून यायचं आणि मग माणसांत. मोडक्या नांगरांचे फाळ, ट्रकचे पाटे, सायकलींच्या रिंगा, गंजलेले पंप, यांच्यातून एक पायवाट होती. ती ज्याला माहीत नसे त्याचं धोतर किंवा लुगडं कुठेतरी अडकून फाटायचंच. माय म्हणायची, आपल्या घरी पाहुणा येतो तो सुईदोऱ्यासाठीच येतो. रस्त्यावरून दिवसभर ट्रक जात. आमच्या दाराशी थोडा चढ होता, तिथे त्यांचा गिअर बदलायचा, आणि त्या घरघरीनं फळीवरच्या ताटल्या एकमेकींवर हलक्या वाजायच्या. लग्न होऊन लाखांदूरला गेले तेव्हा पहिले काही दिवस मला झोप लागेना, आणि त्याचं कारण माहेरची आठवण नव्हती, ताटल्या वाजत नव्हत्या हे होतं.

घरात भात दोन्ही वेळा. त्याच्याबरोबर बहुतेक दिवस लाखोरीची डाळ, लसणाची फोडणी दिलेली, वरून भरपूर सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. हिवाळ्यात तलावातले झिंगे आले की माय ते वांग्यात टाकायची, आणि त्या वासावर आवारातले हमाल काम सोडून विहिरीवर हात धुवायला यायचे. माय आवारात कधी यायची नाही. पण चुलीपाशी बसून ती सांगायची की आता बीडाचं लोखंड फोडून राहिले, आता पितळ तोलून राहिले. आवाजावरून तिला कळायचं, आणि तिचं क्वचितच चुकायचं.

माझी मॅट्रिक झाली होती. कॉलेज भंडाऱ्याला. मुलीनं रोज बसनं जावं की नाही यावर घरात बोलणं सुरू झालं आणि ते सुरूच राहिलं. तेवढ्यात प्रवेशाची मुदत निघून गेली. मग मी आवारात बसू लागले, तांबं वेगळं, पितळ वेगळं, जर्मल, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, वेगळं करायला. हे काम कोणी मला दिलं नव्हतं. पण मी करते आहे हे पाहून कोणी थांबवलंही नाही.

पेट्रोल पंपांवरच्या जुन्या पाट्यांचं प्रकरण सुरू झालं ते नागपूरच्या एका व्यापाऱ्यामुळे. त्याला आम्ही सगळे शेठच म्हणत असू. त्याच्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला म्हणून तो आवारात आला आणि पाटा बघायचा सोडून आमच्या न्हाणीच्या दाराकडे बघत उभा राहिला. न्हाणीला दार म्हणून बाबांनी एक जुनी पाटी लावली होती, पेट्रोल पंपावरची. इंग्रजांच्या वेळच्या परदेशी तेल कंपन्या पुढे सरकारनं घेतल्या, तेव्हा पंपांवरच्या त्यांच्या पाट्या उतरल्या आणि गावोगावच्या गोठ्यांत, कोंबड्यांच्या खुराड्यांना, विहिरींच्या झाकणांना लागल्या. पावसापाण्यानं त्यांना काही होत नसे, कारण त्या रंगवलेल्या नव्हत्या. लोखंडाच्या पत्र्यावर काचेसारखा लेप भट्टीत भाजून चढवलेला असायचा, घरातल्या जुन्या पांढऱ्या, निळ्या काठाच्या थाळ्यांसारखा. शेठनं ती पाटी मागितली. बाबांना आधी वाटलं, माणूस थट्टा करतो आहे. न्हाणीला त्या दिवशी पोत्याचा पडदा लागला आणि माय दोन दिवस बोलली नाही.

शहरात अशा पाट्या लोक दिवाणखान्यात लावतात, हे आम्हाला शेठकडून कळलं. हेही कळलं की लोक मागतात म्हणून त्यांच्या नकलाही निघू लागल्या आहेत. पुढच्या खेपेला त्यानं एक खरी आणि एक नकली पाटी आणली आणि बाबांना समजावू लागला. बाबा घाईचे माणूस, त्यांचं अर्धं लक्ष काट्यावर. मी मात्र ऐकत राहिले आणि तो गेल्यावर दोन्ही पाट्या मांडीवर घेऊन बसले. खरी पाटी जड असते हे कोणालाही कळेल. पण तिच्यावर बोटाचं पेर मारलं तर आवाज थाळीसारखा भरीव येतो, नकलीचा डब्यासारखा. प्रत्येक रंग वेगळा भाजलेला म्हणून जिथे लालावर पांढरं चढतं तिथे नखाला बारीक उंचवटा लागतो. स्क्रूची भोकं भाजण्याआधीच पाडलेली, म्हणून लेप भोकाच्या आत उतरलेला असतो. भोकाभोवती, पंपावरच्या माणसानं कधीकाळी स्क्रू जोरात आवळला तिथे, काचेचे टवके उडालेले असतात. गंज त्या टवक्यातून सुरू होऊन लेपाच्या खाली हळूहळू सरकतो. नकलीवरचा गंज मिठाच्या पाण्यानं आणलेला, सगळीकडे सारखा. ओलं बोट फिरवलं की बोटाला लागतो.

हे सगळं आज सांगायला सोपं वाटतं. अजूनही कोणी ना कोणी माझ्या मोबाइलवर पाटीचा फोटो पाठवतं आणि विचारतं, काकू, असली आहे का. मी लिहिते, हातात दिल्याशिवाय सांगता येत नाही. मागच्या वर्षी मुलानं आणि सुनेनं मला रस्त्यावरच्या नव्या हॉटेलात जेवायला नेलं. भिंतभर जुन्या पंपांच्या पाट्या, सगळ्या नव्या. माझं नख आपोआप एकीच्या कडेवर गेलं, तर वाढपी पोरगा येऊन विचारायला लागला, मॅडम, काही लागलंय का तिथे. सून हसली. मीही हसले. पण त्या जेवणात माझं लक्ष लागलं नाही, कारण मला यादोराव मामा आठवत होते.

यादोराव मामा हे मायचे धाकटे भाऊ, आंबागडचे. किल्ल्याच्या पायथ्याला त्यांची थोडी धानाची शेती होती. पण पंचक्रोशीत त्यांना ओळखत ते पडद्यांमुळे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, त्या रात्री नाटक होतं, आणि नाटकाला पडदा लागतो. महाल, जंगल, नदीकाठचं देऊळ, सगळं मामा रंगवायचे. शिकले कोणाकडेच नव्हते. जंगलाचा पडदा काढायचा तर आधी चार दिवस नुसते जंगलात हिंडून यायचे, असं मामी तक्रारीनं सांगायची. पाट्यांना मागणी आहे असं त्यांना कळलं आणि ते कामालाच लागले. कुठल्या गावात कुणाच्या गोठ्याला पाटी आहे हे पडद्याच्या निमित्तानं त्यांनी पाहून ठेवलेलं. गोणपाटात गुंडाळलेली पाटी घेऊन ते एसटीतून उतरायचे आणि पायवाटेनं न अडकता सरळ आत यायचे. तसं येणारे तेवढे एकच.

मामा आले की मायचा आवाज बदलायचा. ती चुलीजवळून मोठ्यानं बोलायची, मध्येच हसायची, आणि तिची बोली एकदम आंबागडची व्हायची. आधी मामा वर्षातून एखाद वेळी, भाऊबीजेला, येत. पाट्यांमुळे ते महिन्याला येऊ लागले. माय सकाळी उठून अंदाज बांधायची, आज यादो येतो वाटते. आणि डाळ जास्त टाकायची.

त्यांनी आणलेल्या पाट्यांत एक होती पांढऱ्या बगळ्याची. हिरव्या जमिनीवर एका पायावर उभा बगळा आणि खाली इंग्रजीत कंपनीचं नाव. शेठला यायला वेळ होता म्हणून ती बरेच दिवस आवाराच्या भिंतीला टेकून होती. मी ती राखेनं घासून स्वच्छ केली होती आणि जाता-येता पाहत असे. पाहता पाहता मला त्यात एक गोष्ट खटकली. बगळ्याचा जो पाय वर उचललेला, तो माणसाच्या गुडघ्यासारखा पुढे वाकला होता. धानाच्या बांधीत उभे असलेले बगळे मी रोज पाहत होते. त्यांचा पाय मागे वाकतो. ज्यानं कोणी ते चित्र काढलं होतं त्यानं बगळा पाहिलाच नसावा, किंवा पाहून विसरला असावा. मी हे कोणाला सांगितलं नाही. यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. पुढे शेठ ती पाटी घेऊन गेला आणि म्हणाला, अशी आणखी एक मिळाली तर आधी मला सांगा.

त्यानंतर मामांच्या खेपा कमी झाल्या. गावांतल्या पाट्या संपत आल्या होत्या. मायनं डाळ जास्त टाकायची आणि ती हमालांना वाढायची, असं दोन-तीनदा झालं. मग धान फुलोऱ्यावर असताना एक दिवस मामा आले, बगलेत मोठं गोणपाट. बगळ्याचीच पाटी. बाबा इतके खूश झाले की त्यांनी स्वतः पाण्याचा गडवा आणून मामांच्या हातात दिला.

मामा पडवीत जेवायला बसले, माय वाढत होती. बाबांनी पाटी माझ्यासमोर ठेवली, शेठला निरोप धाडायचा होता. मी पेर मारलं, आवाज भरीव. उलटी केली, मागचा लेप जुना. भोकं पाहिली, लेप आत उतरलेला, भोवती टवके. नखाला उंचवटा लागला. सगळं जिथल्या तिथे होतं. मग मी ती सरळ करून जरा लांब धरली आणि बगळ्याकडे पाहिलं. पाय मागे वाकला होता.

बाबांनी विचारलं, "काय झालं? बरोबर नाई का?"

"बाबा, हे जुनी नाई वाटत," मी म्हणाले.

बाबांनी पाटी ओढून घेतली. त्यांनीही पेर मारलं, वजन पाहिलं आणि माझ्यावरच चिडले. मग म्हणाले, थिनरचं फडकं आण, आत्ता पाहून टाकू. मी उठणार तेवढ्यात मामांनी हातातला घास ताटात ठेवला.

"राहू द्या भाऊजी," ते म्हणाले. "मीच काढली ते."

मग त्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. जुनी, अक्षरं झिजलेली एक साधी पांढरी पाटी त्यांना तुमसरला मिळाली होती. आधीची बगळ्याची पाटी आमच्या आवारात होती तेव्हाच त्यांनी तिचा कागदावर छाप घेतला होता. त्या पांढऱ्या पाटीवर त्यांनी थरावर थर देत बगळा रंगवला आणि वरून वार्निश मारलं. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "माह्या आवारातून नकली माल गेला असता, यादोराव." मामा उठले, विहिरीवर हात धुतले आणि पायवाटेनं निघून गेले. अर्ध्या ताटातली डाळ तशीच. माय पळी हातात धरून उभी होती. तिनं त्यांना थांबवलं नाही आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

दोन दिवसांनी शेठ आला. बाबांनी पाटी बाजूला काढून ठेवली होती, पण त्याची नजर गेलीच. बाबांनी सांगून टाकलं की ती नवी आहे. शेठनं ती उन्हात नेली, पालथी केली, पुन्हा सरळ केली, भिंग लावलं. मला वाटत होतं तो नाक मुरडेल. तो हळू आवाजात म्हणाला, हे ज्यानं केलं त्याला माझ्याकडे पाठवा, त्याला वर्षभर काम देतो. बाबा म्हणाले, कोनं केलं माहीत नाई. शेठ हसला. पाट्या कोण आणून देतो हे बसस्टँडवरच्या चहावाल्यालाही माहीत होतं. त्या दिवसानंतर तो आमच्याकडे आला नाही. बाबांनीही पाट्यांचं नाव टाकलं आणि लोखंड तोलत राहिले.

घरात भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर संपलंही असतं. माय माझ्याशी कामापुरतं बोलायची: पानी आन, दिवा लाव. डाळ पुन्हा मोजकी पडू लागली. दिवाळी आली. भाऊबीजेच्या दिवशी तिनं अनारसे केले, सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, तळल्या, पाट मांडला, ताटात सुपारी, अक्षता, निरांजन ठेवलं. दर एसटीच्या आवाजाला ती दारापर्यंत जायची आणि काहीतरी आणायला उठल्यासारखी परत यायची. दिवस मावळल्यावर ती ताट घेऊन अंगणात गेली. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. मायनं चंद्राला ओवाळलं. बाबा पडवीत बसून पाहत होते. ते उठून आत गेले आणि त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

आंबागडच्या मंडईच्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, लुगडं बदल, आंबागडला जायचं. बाबांना विचारलं नाही, सांगितलं. ती बगळ्याची पाटी तिनं आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून घेतली आणि मला हात लावू दिला नाही. भंडाऱ्याला एक गाडी बदलली, तुमसरला दुसरी. सगळा वेळ पाटी तिच्या मांडीवर. कापणी झाली होती, शेताशेतांत धानाचे पुंजणे रचलेले. गावाजवळ आलो तसे लोक डोक्यावर बोचकी घेऊन चालताना दिसू लागले, पोरांच्या पिपाण्या ऐकू येऊ लागल्या.

मामा मंचामागे होते. नव्या पडद्यावर शेवटचा हात फिरवत होते, तलावाचा देखावा. आम्हाला पाहून त्यांनी कुंचला डब्यात ठेवला आणि हात धोतराला पुसत उभे राहिले. मायनं पाटी त्यांच्यापुढे ठेवली.

"भाऊबीजेले काहून नाई आला?"

"कोनत्या तोंडानं येऊ बाई?" मामा म्हणाले. "गावातल्या पाट्या सरल्या. रिकाम्या हातानं येववत नोहोतं."

"पाट्या नोहोत्या तेव्हा तू रिकाम्या हातानंच येत होता. मी दार लावत होती का?"

मामा पाटीवरचं लुगडं सोडत बसले. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता ते मला रागावतील. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती उत्सुकता होती, जशी एखाद्या कारागिराला असते.

"कायावरून ओळखलं कुंदा? खरं सांग."

मी सांगितलं. जुन्या पाटीवरचा पाय पुढे वाकला होता, तुमचा मागे वाकला. तुमचा बगळा बरोबर आहे म्हणून ओळखला.

मामांनी पाटीवरच्या त्या पायावरून अंगठा फिरवला. "मले दिसलं होतं ते, छाप घेतानाच," ते म्हणाले. "तसा काढूनही पाह्यला. पन तसा पाय काढला तर बगळा पडते गं. उभाच नाई राहत." मग त्यांनी शेठचं सांगितलं. तो इथे येऊन गेला होता. फोटो दाखवून म्हणाला, पाय असाच काढायचा, पुढे वाकलेला, आणि तशा कितीही पाट्या दे. मामांनी पत्रा घेतला, रंग घेतला, काढलं, पुसलं, पुन्हा काढलं, पुसलं. "हात ऐके ना. शेवटी म्हनलं त्याले, दुसरा मानूस पाह्य." ते हे अभिमानानं सांगत नव्हते. एवढं चांगलं काम आपल्या हातानं घालवलं, हे दुःख त्यांच्या आवाजात होतं, आणि मामी मागे उभी राहून ऐकत होती, तिच्या चेहऱ्यावर तर ते उघडच होतं.

मायनं पदराची गाठ सोडून कुंकवाची पुडी काढली. निरांजन नव्हतं, पाट नव्हता. रंगाच्या डब्यावर मामांना बसवून तिनं त्यांच्या कपाळाला बोट लावलं आणि घरून आणलेला अनारसा त्यांच्या तोंडात घातला. त्यांच्या हनुवटीला निळा रंग लागला होता तो पदरानं पुसला.

पुढचं इथेच सांगून टाकते. बाबा आणि मामा त्यानंतर बरेच दिवस बोलले नाहीत. माझं लग्न ठरलं तेव्हा पहिली पत्रिका घेऊन बाबा स्वतः आंबागडला गेले. तिथे काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही, पण मांडवात माझ्या पाठीशी मामाच उभे होते. शेठला दुसरा माणूस मिळाला असणार, तसे मिळतात. मामा शेवटपर्यंत पडदे रंगवत राहिले. नाटकं कमी झाली तशी दुकानांची नावं रंगवू लागले, आणि मग फ्लेक्स आले. श्रीमंत ते कधी झाले नाहीत. मामी हे मला प्रत्येक भेटीत ऐकवायची, आणि तिचं चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही.

त्या दिवशी तुमसरहून परतीच्या गाडीत आम्हाला शेवटच्या बाकावर जागा मिळाली. मायनं मंडईतून उकडलेले शिंगाडे घेतले होते. तुमसर मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मग एकदम म्हणाली, "तू केलं ते बरं का वाईट, मले नाई समजत. खोटं बोल असं मी तुले कधी म्हननार नाई." शिंगाड्यांची पुडी सोडत म्हणाली, "पन माहा भाऊ जेवत होता, कुंदा. पुढच्या वेळी मले अगोदर सांगजो. त्याचं जेवन होऊ दिलं असतं."

मी हो म्हटलं. तिनं एक शिंगाडा दातानं फोडला, काळं साल खिडकीतून टाकलं आणि पांढरा गर माझ्या हातावर ठेवला. मग दुसरा फोडला. भंडारा येईपर्यंत ती फोडत राहिली आणि मी खात राहिले. स्वतः तिनं एकही खाल्ला नाही.